पडद्याच्या कडेला उभे आप्पा

पुंडलिकनगरात भिकनच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट न्यायची म्हणजे एखाद्याच्या लाडक्या लेकीला मागणी घालायला गेल्यासारखं होतं. आधी चौकशी. तुमचा व्हीसीआर कुठला? हेड शेवटचं कधी पुसलं? मागची कॅसेट तुम्ही खिडकीत उन्हात ठेवली होती, खरं सांगा! गिऱ्हाईक बिचारं कंपनीतून दमून आलेलं असायचं. ते म्हणायचं, "भिकनभाऊ, द्या ना कुठला बी एखादा." झालं! भिकनच्या मस्तकात तिडीक जायची. "कुठला बी म्हंजे? ही काय मेथीची जुडी हाय व्हय?"

बरं, आपला माल खपवायची तरी अक्कल असावी! तीही नाही. गिऱ्हाइकानं फळीवरची एखादी कॅसेट उचलली की हाच आडवा यायचा. "ही नका नेऊ. प्रिंट रद्दी हाय. हिरॉइनीचं तोंड पिवळंजर्द दिसतं, कावीळ झाल्यावानी." आत भाकरी थापत बसलेली त्याची बायको केसरबाई हे ऐकून पिठाच्या हातानं कपाळ बडवून घ्यायची. असा दुकानदार तिनं कुठं पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता.

औरंगाबाद तेव्हा नुसतं फुगत चाललं होतं. चिकलठाण्याला कारखाने, वाळूजला कारखाने, आणि त्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांसाठी काल ज्वारी होती तिथं आज कॉलनी. घरोघर टीव्ही आले. शनिवारी कुणीतरी व्हीसीआर भाड्यानं आणायचं आणि अख्खी गल्ली त्याच्या दारात सांडायची. भिकन या सगळ्यातलाच. शेंद्र्याजवळच्या एका वाडीतला धनगराचा पोर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर पत्रा दाबायचं काम, आणि पाळी सुटली की घराच्या पुढच्या खोलीत ही लायब्ररी.

नव्या सिनेमांचं त्याला सोयरसुतक नव्हतं. त्याचा जीव अडकला होता जुन्यांत. आणि जुन्या सिनेमांच्या कॅसेटी म्हणजे काय सांगायचं, लोकांच्या तोंडाला पानं पुसायचा धंदा नुसता! कुठल्यातरी गोदामातलं झिजलेलं रीळ काढायचं, मशीनवर फिरवायचं, की झाली कॅसेट. रिळावर इतके ओरखडे, की भर उन्हातल्या प्रसंगातसुद्धा पाऊस पडतोय. गाणी कापलेली, का तर कॅसेटीत मावत नाहीत. म्हातारी आई शेवटचा श्वास घेतेय, लेक हंबरडा फोडतोय, आणि त्यांच्या पोटाखालून मसाल्याची जाहिरात सरपटत चाललीय! लोक म्हणायचे, चालतंय की. भिकनला चालायचं नाही. तो एकेक कॅसेट डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि बघता बघता स्वतःशी शिव्या द्यायचा. लोकांना वाटायचं, ह्याला वेड लागलंय. वेडच होतं ते. पण त्या वेडाला कारण होतं, आणि ते त्यानं फार थोड्या माणसांना सांगितलं होतं.

भिकननं आपल्या बापाला कधी पाहिलं नव्हतं. तो म्हाळसाबाईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पोटात होता तेव्हाच आप्पांना रानात पान लागलं. साप म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. सकाळी मेंढरं घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी चौघांच्या खांद्यावरून घरी आला. बाप गेल्यावर जन्मलेलं पोर, त्याला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून आत्यानं नाव ठेवलं भिकन. फोटो म्हणाल तर फोटो कुठला! मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतो? देव्हाऱ्यात आप्पांचा टाक होता, तेवढाच. धनगराच्या घरात गेलेल्या माणसाचा चांदीच्या पत्र्यावर टाक करतात आणि देवांबरोबर पूजतात. पण सोनार सगळ्यांचे टाक सारखेच ठोकतो, घोड्यावर बसलेला स्वार. लहानपणी भिकन शाळेत छाती फुगवून सांगायचा, आमच्या आप्पांकडं घोडा होता. पोरं खिदळायची. सणासुदीला चिंच लावून घासून घासून त्या स्वाराचं तोंडसुद्धा पार गुळगुळीत झालं होतं.

पण आप्पा एका ठिकाणी होते. सिनेमात होते.

म्हाळसाबाई ही गोष्ट सांगायला लागली की तिचा खरखरीत आवाज मऊ व्हायचा. "तुझ्या येळंला मला लई कोरड्या वकाऱ्या व्हत्या, म्हून मी वाडीवर व्हते. हे मेंढरं घिऊन देवगिरीच्या किल्ल्याकडं गेलते. तिथं मुंबईची कंपनी आली व्हती. बैलगाडीत हिरॉइन बसवली व्हती गाणं म्हणाया. एक टोपीवाला ह्यांला म्हणला, तुझी मेंढरं गाडीम्होरून जाऊ दे. हे म्हणले, जातील की, पर माझ्या हाकंबिगर पाय उचलायची नाय. मंग टोपीवाल्यानं ह्यांला कडंला हुबं केलं, बाभळीखाली." एवढं बोलून ती थांबायची. पुढचं तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं असायचं, म्हणून ते ती सावकाश सांगायची. आप्पा गेले, भिकन झाला, चालायला लागला. आणि एका जत्रेत तंबूतला सिनेमा लागला. लेकराला काखेत घेऊन ती आत शिरली. गाणं सुरू झालं, आणि अचानक समोर तिचा नवरा! "येवढे मोठ्ठे, लेका. छपराएवढे. हालत व्हते. त्यांनी हाक दिली, मागं वळून बघितलं, अन् हासले. मी वरडलेच. लोक म्हणले, गप ए बाई!" जत्रा होती तोवर ती रोज तंबूत गेली. मग तंबू उठला आणि पुढच्या जत्रेला गेला. सिनेमाही आपटला, पुन्हा कुठं लागला नाही. त्याचं नाव सांगून तरी काय उपयोग? कुणाला आठवायचं नाही.

भिकन या गोष्टीवर वाढला. प्रेस मशीनची धडधड एका लयीत चालायला लागली, की त्याच्या डोळ्यांपुढचा पत्रा पातळ पातळ होत जायचा आणि त्याच्यातून मेंढरं यायला लागायची, धूळ उडवत, अंगाला अंग घासत. त्यांच्या मागं कुणीतरी असायचं. संध्याकाळी जालना रोडनं सायकलवर घरी येताना त्याला वाटायचं, रस्त्याच्या कडेनं खांद्यावर घोंगडी टाकून एक माणूस आपल्या बरोबरीनं चाललाय. मान वळवली की तिथं बाभळीचं झाड असायचं, नाहीतर विजेचा खांब. मग तो मान वळवायचाच नाही. तसाच सायकल मारत राहायचा, आणि त्याला लई बरं वाटायचं. सोबत असल्यासारखं.

त्या आपटलेल्या सिनेमाचं नाव शोधून काढलं बन्सीनं. बन्सी शहरातल्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव जाळपोळ झाली, तीत बन्सीचं घर गेलं. घराबरोबर भिंतीवरचा त्याच्या बापाचा फोटोही गेला, गुलमंडीतल्या स्टुडिओत कोट घालून हौसेनं काढलेला. मायलेक अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आले. तेव्हापासून नामांतराचा मोर्चा म्हटला की बन्सी पहिल्या रांगेत. लाठ्या खाऊन यायचा, आत जाऊन यायचा, आणि सुटून आला की थेट भिकनच्या दुकानात येऊन विचारायचा, "नवीन काय आलंय?" सिनेमाचा किडा दोघांना सारखाच चावलेला. त्यामुळे जोडी जमली ती जमलीच.

कॉलनीतल्या नानासाहेबांना ते खुपायला लागलं. एकदा ते भिकनला बाजूला घेऊन म्हणाले, "तो मोर्चेवाला रोज तुझ्या दुकानात बसतो. बरं दिसत नाही." भिकननं त्यांच्या हातातली कॅसेट काढून घेतली आणि फळीवर परत ठेवली. "बरं दिसत नसंल तर बघू नका," म्हणाला. नानासाहेबांनी त्या दिवसापासून दुसरी लायब्ररी धरली. गेले तर गेले, उडत!

आपल्या बापाबद्दल बन्सी एकदाच बोलला. "भिकन, तुझा बाप कुठंतरी रिळावर हाय तरी. आज ना उद्या सापडंल. माझा जळाला." भिकन उठून दारात गेला. त्यानं दोन चहा सांगितले.

आणि एके दिवशी ती कॅसेट आली. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं जुन्या पडेल सिनेमांचा एक घाणाच काढला होता, त्यात हाही होता. भिकननं गुलमंडीतून ती कॅसेट छातीशी धरून आणली. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवली, वाडीवर जाऊन एसटीनं आईला घेऊन आला. म्हाळसाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. टीव्हीसमोर सगळ्यात पुढं बसली आणि पदर डोक्यावरून नीट पुढं ओढून घेतला. नवऱ्यासमोर बसायचं होतं ना! केसरबाईनं उदबत्ती लावली. बन्सी दाराशी उकिडवा बसला. शेजारपाजारचे होतेच.

सिनेमा सुरू झाला. रंग म्हणजे धुऊन धुऊन विटलेल्या चोळीसारखे. पण त्या दिवशी भिकननं एक शिवी दिली नाही. गाणं आलं. मागं किल्ला, पुढं बैलगाडी, गाडीत ती बाई. मेंढरं आली. खोलीतलं माणूस न् माणूस पुढं सरकलं. मेंढरांच्या पायांवरून मसाल्याची जाहिरात गेली. धूळ उडाली. गाणं संपलं.

आप्पा नव्हते. बाभळसुद्धा नव्हती.

"पुन्यांदा लाव," म्हाळसाबाई म्हणाली. भिकननं लावलं. पुन्हा तेच. पुन्हा लावलं. केसरबाई चाचरत म्हणाली, "आत्याबाई, येवढी वरसं झाली. दुसऱ्या कुण्या सिनेमात असतील."

"गप गं! माझा नवरा मला वळखू येत नाय व्हय?"

ती कडाडली खरी, पण भिकनच्या मनात नको ते येऊन गेलं. काखेत लेकरू घेतलेली एक पोर, नवरा जाऊन पुरती दोन वर्षंही न झालेली, अंधाऱ्या तंबूत बसलीय. तिला काय दिसणार? कुणाच्याही तोंडावर तेच तोंड दिसणार. म्हणजे आप्पा कधी नव्हतेच तर! आपण लहानपणापासून ज्याच्या मागं धावलो, ते आईच्या आसवांतून दिसलेलं काहीतरी होतं. त्यानं टीव्ही बंद करायला हात पुढं केला.

"थांब," म्हाळसाबाई म्हणाली. ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि काचेवर बोट ठेवलं. "गाणं लाव. ही बघ, ही रंभी. आपली म्होरकी. हिच्यामागं सगळी चालायची. आता बघ, मान कुणीकडं करतीय?"

सगळ्यांनी पाहिलं. गाडीजवळ येईपर्यंत मेंढरं खाली मान घालून चालत होती. तिथं आल्यावर रंभीनं एकदम तोंड वर केलं आणि मान डावीकडं वळवली. तिच्यामागच्या सगळ्यांनी वळवली. कान टवकारून ती मेंढरं टीव्हीच्या कडेकडं बघायला लागली.

"त्या बाईकडं बघत्यात का? नाय. मेंढरू परक्याच्या हाकंला मान वळवीत नसतं, लेका. मारलं तरी नाय. ह्यांनी हाक दिली, इथं. हे इथंच हायेत." आणि म्हाळसाबाईनं टीव्हीच्या बाहेर, बाजूच्या भिंतीवर हात टेकला.

त्या भिंतीवर एका सिमेंट कंपनीचं कॅलेंडर होतं. सगळे त्या कॅलेंडरकडे बघायला लागले. बन्सीनं दाराशी बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. "आरं, मावशी बरोबर बोलतीय! माझ्या कसं ध्यानात आलं नाय? हा लांबड्या पडद्याचा सिनेमा हाय. टीव्ही चौकोनी. खाट लहान अन् वाकळ मोठी, मंग दोन्ही कडा दुमडायच्या. कॅसेटवाल्यानं मधली बाई ठिवली अन् कडंची माणसं कापली."

कडंची माणसं कापली. हे वाक्य भिकनच्या डोक्यात कितीतरी दिवस घुमत राहिलं. पण त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आप्पा होते! नुसते दिसत नव्हते, एवढंच. त्यानं ते कॅलेंडर काढून टाकलं. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की तो ते गाणं लावायचा, मेंढरं मान वळवायची, आणि तोही त्यांच्याबरोबर मान वळवून भिंतीकडं बघत बसायचा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन त्या भिंतीवर यायचं. उन्हात धूळ तरंगायची. बघता बघता भिंत उरायचीच नाही, नुसतं माळरान व्हायचं, कुसळांचं, पिवळं. तिथं बाभळीखाली कुणीतरी उभं असायचं. धिप्पाड माणूस, भरघोस मिशा, खांद्यावर घोंगडी. तोंड तेवढं उन्हात नीट दिसायचं नाही. कधी कधी गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "भाऊ, पिक्चर इकडं चालूय, तुम्ही तिकडं काय बघताय?" भिकन दचकून उठायचा.

अशी वर्षं गेली. बन्सीनं पुणं-मुंबईच्या ओळखी काढून सिनेमाच्या रिळांचा तपास केला. इथली रिळं कधीच भंगारात गेली होती. आणि इकडं म्हाळसाबाईचे डोळे जायला लागले. चालताना चौकटीला खांदा धडकायचा, शेजारून कुणी आलेलं कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. कडेचं दिसणं गेलंय ते आता येत नाही; समोरचं थोडं राहिलंय, ते औषधानं टिकेल तितकं टिकेल. भिकननं तिला कायमची पुंडलिकनगरात आणली.

तेव्हापासून त्याच्या जिवाची नुसती घालमेल. सांगा, कसं होणार? उद्या चांगली प्रिंट मिळाली आणि बाभळीखाली चार माणसं उभी निघाली, तर त्यातले आप्पा कुठले हे कोण सांगणार? त्यांना ओळखणारी या जगात एकटी आई उरली होती, आणि तिच्या डोळ्यांतला उजेड रोज थोडा थोडा चालला होता. आई देवापुढं बसली की भिकन मागं उभा राहून बघायचा, तिचा हात निरांजनापर्यंत नेमका जातोय का.

जुन्या सिनेमांच्या बऱ्या कॅसेटी दुबईत मिळतात असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. आता आखातात गेलेला कुणी ना कुणी शहरात गल्लोगल्ली होता. भिकननं दिसेल त्याला सांगून ठेवलं. लोक घड्याळं मागवायचे, सेंट मागवायचे, आणि हा बाबा एक पडेल सिनेमा मागवायचा. शेवटी गुलमंडीतले कापडवाले मजीदभाई त्याच्या दारात आले. त्यांचा भाऊ दुबईला होता. मजीदभाईंचा चेहरा पडला होता.

"भिकनभाई, माफ करना. भाई लाया तो सही, पन माल खराब निकला. ऊपर काला, नीचे काला, बीच में जरासी पट्टी. घर में सब लोगां हँसने लगे. मैं तो फेंक देता था, पन तुमारा काम था बोलके लाया."

भिकननं कॅसेट हिसकूनच घेतली. वर काळं, खाली काळं! म्हणजे त्या चौकोनात अख्खा पडदा बसवलाय. म्हणजे कडा शाबूत आहेत. त्यानं मजीदभाईंना कडकडून मिठी मारली. ते बिचारे गडबडले. खराब मालासाठी मिठी मारणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नसेल.

तो दिवस संक्रांतीचा होता, आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर व्हायचा होता. शहर श्वास रोखून बसलं होतं. चौकाचौकांत पोलीस, दुकानं अर्धी उघडी, रस्ते सामसूम. बन्सी सकाळपासून विद्यापीठाच्या गेटवर होता. केसरबाई म्हणाली, "लावा की कॅसेट, वाट कुणाची बघताय?" भिकन म्हणाला, "बन्सीची." म्हाळसाबाई म्हणाली, "बरोबर हाय. त्याला येऊ दे."

दुपार कलली तेव्हा बन्सी आला. डोक्यापासून शर्टापर्यंत निळा गुलाल, घसा पार बसलेला. दारात उभा राहून तो म्हणाला, "झालं रं भिकन. झालं!" म्हाळसाबाईनं चाचपडत त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि निळ्या केसांवरून हात फिरवला. "लई वरसं चाललास, बाबा," म्हणाली. बन्सी लहान पोरासारखा तोंड झाकून रडला. मग डोळे पुसून त्यानं भिकनकडं पाहिलं, आणि भिकननं त्याला कॅसेट दाखवली.

काळ्या पट्ट्यांच्या मधे सिनेमा दिसायला लागला, दाराच्या फटीतून दिसतो तसा. पण काय ते रंग! माळ माळासारखा, आभाळ आभाळासारखं. ओरखडा नाही, जाहिरात नाही. गाणं आलं. गाडी आली, मेंढरं आली. गाडीजवळ रंभीनं तोंड वर केलं, मान वळवली. आणि तिनं जिकडं पाहिलं तिकडं, पार कडेला, एक बाभळ होती. बाभळीखाली तीन माणसं उभी होती. नखाएवढी.

"माय!" भिकन ओरडला. "दिसलं का?"

"गाडीतली बाई दिसतीय नुसती. कुठं रं? कुठं?" म्हाळसाबाई कावरीबावरी झाली. गाणं संपलं. भिकननं टेप मागं घेतली. आईला धरून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं आणि लेकराचं वळवावं तसं हळूच डाव्या कडेकडं वळवलं. "इथं बघ. दुसरीकडं नको बघू. फक्त इथं."

गाणं पुन्हा सुरू झालं. काचेपासून वीतभर अंतरावर म्हातारी श्वास धरून बसली. बाभळीखालच्या तिघांतला मधला पुढं झाला. त्यानं तोंडाशी हात नेला, हाक दिली. हाक ऐकू आली नाही, मेंढरांना आली. मग त्यानं मागं वळून पाहिलं आणि हसला.

"हेच," म्हाळसाबाई म्हणाली. "हेच हायेत."

भिकन बघत राहिला. धिप्पाड नाही, मिशा नाहीत. पटका डोक्याला मोठा होत होता. कोपरं काटकुळी. ओठावर नुसती लव. समोर एवढं मोठं मशीन आपल्याकडं बघतंय म्हणून लाजून हसणारं एक पोर. कारखान्यात नवीन लागलेली असली पोरं भिकनच्या हाताखाली यायची. प्रेसमध्ये बोट घालू नका रे, म्हणून तो दिवसभर त्यांच्यावर खेकसायचा. त्याच्या स्वतःच्या कानशिलावरचे केस आता पिकायला लागले होते.

"माय," तो म्हणाला, "हे तर पोर हाय गं."

"पोरच व्हते की," म्हाळसाबाई म्हणाली. काचेवर तिनं बोटाचं टोक टेकलं होतं. "मीच इसरले बघ. मी पिकत गेले तसे मनातले हे बी पिकत गेले. आता माझ्यावानीच म्हातारे झाले असतील, असं वाटायचं. येवढं कवळं तोंड! येवढ्या कवळ्या माणसाला नेलं."

गाणं संपत आलं. भिकनचा हात पुन्हा बटणाकडं गेला. म्हाळसाबाईनं न बघताच त्याचं मनगट धरलं.

"नको."

"पुन्यांदा बघू की, माय. पायजे तेवढ्यांदा बघता येतंय आता."

"नको, लेका. मेंढरं म्होरं गेली. जाऊ दे त्यांला."

मेंढरं पडद्याच्या दुसऱ्या कडेनं बाहेर पडली. त्यांच्या मागोमाग ते पोर धावत निघालं, पटका सावरत, आणि गाडीपाशी पोचायच्या आधीच धुळीत दिसेनासं झालं. पुढचा कसलासा विनोदी प्रसंग सुरू झाला. कुणी हललं नाही, कुणी हसलंही नाही. बन्सीनं भिकनच्या पाठीवर हात ठेवला. आणि बापासाठी आयुष्यात कधी न रडलेला भिकन त्या दिवशी ढसाढसा रडला, एखाद्या धाकट्या भावासाठी रडावं तसा.